अक्षतांची सात सेकंदं

११ फेब्रुवारी, मंगळवार
ह्यांनी घोळ घातलाच शेवटी. दोन तारखेच्या लग्नाचं, कोगनोळीच्या स्वातीचं, दुसऱ्या कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं समजून कार्यालयातच पुसलं. सगळ्या अक्षता त्यात होत्या. स्टेजवरच्या कॅमेऱ्यात नवरानवरी आहेत आणि भटजींची पाठ आहे. पाहुणा एक नाही. मंगलाष्टका चालल्यात आणि समोर कुत्रंसुद्धा नाही!

मला म्हणतात, "रेखा, तू करशील की कायतरी."

करते की. दुसरं कोण करणार? वीस वर्षं हेच चाललंय, हे पुसतात आणि मी भरते. दुपारी स्वयंपाक आवरून जुन्या डीव्हीडींचं खोकं काढलं. ४१ नंबर, दहा वर्षांपूर्वीचं निपाणीचं लग्न. कार्यालय तेच, लाल पडदा तोच. चित्र जुनं, हात हलला की रेघा फुटतात. थोडं धूसर केलं, संथ केलं, वरून गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या. कोण ओळखतंय!

पाच बायका ओळीनं खुर्च्यांसमोर उभ्या. मधली हिरव्या साडीतली. तिनं अक्षता इतक्या मनापासून टाकल्यात की तिलाच घेतलं. सात सेकंदं, अगदी मापात बसली. आम्ही ह्याला भरती म्हणतो. निपाणी-चिकोडीकडची निम्मी लग्नं मी एकाच पंगतीत जेवायला बसवलीत.

१४ फेब्रु., शुक्र
कोगनोळीचं काम दिलं. स्वातीला पेनड्राइव्ह. सुरुवातीला तिच्या आईचा फोटो घालायला सांगितला होता, तो घातला. कै. सुमन, तीन वर्षं झाली जाऊन. पासपोर्ट साइजचा फोटो, मोठा करून करून डोळे फुटले माझे.

ह्यांना सांगितलं, कार्ड पुसायच्या आधी मला फोन करायचा. "बरं" म्हणाले. वीस वर्षांत किती "बरं" ऐकले!

२ मार्च, रवि
स्वातीचा फोन, इचलकरंजीहून, सासरहून. भाकऱ्या थापत होते. म्हटलं काही तक्रार असेल. तर पोरगी रडत हसत, दोन्ही एकदम.

"आक्का, आई आलती ओ! अक्षता टाकताना हाय की ती. बघितलासा न्हवं तुम्ही?"

मला आधी कळेचना. मग ती म्हणाली, हिरव्या साडीतली, मधली. माझ्या हातात पीठ तसंच. फोटो आठवला. तो फोटो मी चार तास मोठा करत बसले होते, पण त्यातली बाई आणि भरतीतली बाई शेजारी ठेवून बघायचं डोक्यात आलं नाही. मी माणसं बघतच नाही, कट बघते.

"कुठं उभी होती ओ? तुम्हाला कवा दिसली?"

तोंडातून निघून गेलं, "दाराजवळ होती, हे म्हणाले."

का बोलले मी असं? ती इतकी खूष झाली की पुढं काही सांगवेना. फोन ठेवला तर तव्यावरची भाकरी काळी.

३ मार्च, सोम
सरळ आहे सगळं. दहा वर्षांपूर्वी तिची आई जिवंत होती, निपाणीच्या लग्नाला आली असेल, आमच्या कॅमेऱ्यात सापडली असेल. नात्यागोत्याचा मुलूख आहे. एवढंच स्वातीला सांगायचं, ४१ नंबर दाखवायचा, झालं.

सकाळी अकराला लावली ४१. शेजारी दोन माग चालू, खटखट खटखट, ऊन अगदी टेबलावर. तीच जागा, तोच पडदा, त्याच बायका.

चौघी आहेत.

मधे खुर्ची आहे. खुर्चीसमोर कुणी नाही. दोन्हीकडच्या बायका थोड्या सरकून उभ्या आहेत, मधे एक जण मावेल एवढी जागा सोडून. मी केलेलं काम उघडलं. पाच. पुन्हा डिस्क. चार. अकरा वेळा बघितलं. मग उठून दाराची कडी काढली आणि उंबऱ्यात बसून राहिले. मागाचा आवाज ऐकत. बरं वाटलं त्यानं.

५ मार्च, बुध
ह्यांना परवाच दाखवलं होतं. बघितलं, डोकं खाजवलं. "दुसऱ्या डिस्कमधनं घेतलं असशील. तुझी फाइलींची नावं म्हणजे काय विचारायचं न्हाय. 'अक्षता नवीन', 'अक्षता नवीन दोन', 'अक्षता हीच घे'."

खरं आहे ते. नावं देण्यात मी आळशी. त्या कार्यालयातली लग्नं आम्ही पन्नास तरी केली असतील. तीन दुपारी बसून तीस डिस्क बघितल्या. काही सडल्यात, मधेच थिजतात. हिरव्या साड्या पुष्कळ, ती कुठंच नाही.

मला भुताखेतांचं काही नाही. लहानपणी स्मशानाच्या वाटेनं शाळेला जात होते. पण ४१ नंबर खोक्यात सगळ्यात खाली घालून ठेवलीय.

११ मार्च, मंगळ
स्वातीचे वडील आले, मारुती आप्पा. निपाणीत तंबाखूच्या वखारीत होते, आता घरीच. कोगनोळीहून दोन बस बदलून, पत्ता विचारत इथं आमच्या वडगावात. पाणी दिलं तर पेला हातातच धरून बसले.

"ताई, माझी पोरगी माघारी आलीया."

सासरचे वाईट नाहीत म्हणे. नवरा तर लई चांगला. पण स्वाती दिवसभर तो तुकडा बघत बसते, मोबाइलवर, परत परत. जेवायला हाक मारली तर "थांबा, आई वळत्या" म्हणते. शेवटच्या सेकंदाला ती बाई मान वळवते असं तिचं म्हणणं. सासू घाबरली. मेलेली बाई लग्नात आली, वर सून तिच्याशी बोलते. त्यांनी सांगितलं, पाडव्याच्या आत नीट होऊन येऊ दे, नाहीतर राहू दे तिथंच.

पोरगी शिकलेली, औषधांच्या दुकानात काम केलेली. येडी न्हाय ती, असं आप्पा तीनदा म्हणाले.

"खरं सांगा. त्या तुकड्यातल्या हिला कुठनं आनलासा तुम्ही?"

सांगितलं सगळं. कार्ड पुसल्याचं, भरतीचं, "दाराजवळ" म्हटल्याचं. वाटलं, शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाले, "मग हेच तिला येऊन सांगा. माझं न्हाय ऐकत ती."

येते म्हटलं. न सांगता काय! हे म्हणतात, गावभर होईल, उद्या कोण लग्न देणार आपल्याला? मी म्हटलं, होऊ दे. कुणाचं तरी घर मोडून आपलं नाव कशाला राखायचं? पण एक आहे. पुरावा म्हणून दाखवायचं ते ४१, आणि त्यात तर...

१६ मार्च, रवि
जाऊन आले. जमेल तेवढं लिहिते.

बायकांना बस फुकट, आधार कार्ड दाखवून निपाणी, तिथून दुसरी. नाक्याजवळ उतरले तर आप्पा उन्हात उभे होते. घर स्वच्छ, दारात तुळस. स्वाती वाळलीय. पण मला बघून उठली, चहा ठेवला, साखर विचारली. येड्यासारखं काही नाही. तेच जास्त अवघड गेलं.

चहा पिता पिता सांगून टाकलं. तुझ्या लग्नातला तो तुकडा नाही बाई, जुन्या लग्नातला आहे, मी जोडला, मी खोटं बोलले. ती ऐकत होती. शेवटी एवढंच विचारलं, "कुठल्या लग्नात?"

डिस्क नेली होती. आप्पांचा जुना प्लेअर अजून चालतो. लावली. मनात म्हणत होते, इथं तरी पाच दिसू देत. चौघीच. खुर्ची.

आप्पा पुढं सरकून बघायला लागले. "हे कुनाचं लगीन? ह्या लग्नाला आमी न्हवतोच."

मी म्हटलं, दुसरी डिस्क असेल, माझी चूक असेल, शोधते. बडबडत सुटले. स्वाती त्या खुर्चीकडंच बघत होती. काहीच घाबरली नाही.

"तिथनं उठून आली, मग," म्हणाली.

असं म्हणाली जणू आई शेजारणीकडनं उठून आली. बाहेर हायवेवर ट्रकांचे हॉर्न, भर दुपार, आणि मला त्या खोलीत बसवेना.

आप्पा चिडले मग. "स्वाती, आईनं लेकीच्या अक्षता बघायच्या असत्यात व्हय गं? आमच्यात अक्षता पडंपतोर तुळशीला पानी घालत बसायचं असतंय. ती जिती असती तरी आत आली नसती!"

"तेच की ओ आप्पा. जिती असती तर सगळ्यांनी तुळशीपाशी बसवली असती तिला. आता कोण अडवनार?"

आप्पांनी डिस्क काढून माझ्या हातात दिली. माझ्या लग्नात माझी आई कार्यालयाच्या मागं कुंडीपाशी बसली होती, तांब्या घेऊन. "सावधान" झालं की तिथनंच कान देऊन ऐकायची. त्या वेळचा तिचा एक फोटो नाही माझ्याकडं. ह्यांनीच काढले होते सगळे फोटो, पण मागं कोण जातंय!

काही जमलं नाही. उलट बिघडवून आले, असं वाटतंय.

१७ मार्च, सोम
काल एक लिहायचं टाळलं.

परत निघताना आप्पा नाक्यापर्यंत आले सोडायला. बस येईना. मग हळूच म्हणाले, "पोरीपुढं बोललो न्हाय. ती हिरवी साडी मी घेतल्याली. तुमच्या वडगावातनंच, मागावरची. तिच्या शेवटच्या दिवाळीला."

मी म्हटलं, आप्पा, हिरव्या साड्या काय एक असते का?

"काठ वळखतो की मी. निवडाय दोन तास लावल्यात." मग म्हणाले, "तिनं घडीच मोडली न्हाय. स्वातीच्या लग्नात नेसनार म्हनली. नेताना आम्ही अंगावर घातली तिच्या."

बस आली. मी चढले. खिडकीतून हात करायचंही सुचलं नाही.

म्हणजे तीन वर्षांपूर्वी जळलेली साडी, त्याआधी एकदाही न नेसलेली. आणि माझ्या तुकड्यात, तो कुठल्याही डिस्कमधला असला तरी, ती अंगावर नेसलेली. हे ह्यांना सांगितलं. ह्यांनी जेवण अर्ध्यावर ठेवलं, हात धुतला, आणि कॅमेऱ्याच्या बॅगा आवरत बसले. ह्या माणसानं आजवर ताटातलं कधी टाकलेलं नाही.

१९ मार्च, बुध
काम नाही. मन नाही. दुपारी तो तुकडा उघडला आणि पुन्हा बंद केला. टेबल खिडकीकडून भिंतीकडं फिरवलं. मग पाठीमागं दार येतंय म्हणून परत होतं तिथं आणलं. मलाच हसू आलं. आणि हसून झाल्यावर रडू.

त्या बाईंची भीती वाटते का? तशी नाही. किती आनंदानं टाकते ती अक्षता! भीती माझीच वाटते. मी न बघता कुणाकुणाला कुठं कुठं नेऊन बसवलंय वीस वर्षं.

२१ मार्च, शुक्र
स्वातीचा फोन. आवाज बदललेला, थकलेला पण ताळ्यावर.

"आक्का, ते काढून टाका."

मग तिनंच सांगितलं. ती मोकळी खुर्ची बघितल्यापासून तिला तो तुकडा लावता येईना. "आईनं जन्मभर विड्या वळल्या ओ. उजवा हात वर जायचा न्हाय तिचा, वेणी मीच घालायची. आणि मी दिवसातनं शंभरदा तिला अक्षता टाकाय लावतोय. हात दुखत असंल की. तिला बसू दे जरा."

मी फोन कानाला लावून नुसतीच "हं हं" म्हणत होते. डोळे वाहत होते. बरं झालं, फोनवर दिसत नाही.

सोमवारी येते म्हणाली. काढताना तिच्यासमोर काढायचं. मोबाइलवरचंही. मग तिथूनच इचलकरंजीला जाणार, नवरा न्यायला येतोय. एक साफ डीव्हीडी करून ठेवायची सासूबाईंसाठी, त्यांनाही प्लेअरच लागतो.

२२ मार्च, शनि
आप्पांचा फोन. "पोरगी जात्या म्हनत्या. तुमचे उपकार हाईत." माझे कसले उपकार! लाज वाटली.

फोन ठेवतील असं वाटलं, तर ठेवला नाही. खाकरले.

"ताई, दोन डिस्का करा. एक पोरीला, काढलेली. एक मला... हाय तशी. स्वातीला कळू देऊ नका."

मी म्हटलं, आप्पा, तुम्हीच म्हणत होता, आईनं अक्षता बघायच्या नसतात.

"म्हनत होतो की," म्हणाले. "ती नेसल्यावर कशी दिसत्या बघायचं राहिलं हुतं माझं."

केली. दुपारीच करून ठेवली, आधी, कापायच्या आत. ह्यांना सांगितलं नाही. रात्री सांगितलं. "बास आता" म्हणाले, पण काढून टाक असं काही म्हणाले नाहीत.

२४ मार्च, सोम
स्वाती आली बाराला. डोक्याला गजरा, हातात पिशवी, नवरा बाहेर मोटारसायकलवर. आत ये म्हटलं तर लाजला आणि कोपऱ्यावर चहाला गेला.

खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली. म्हणाली, एकदा लावा, मग काढा. मी लावलं. तिनं डोळे मिटून हात जोडले. म्हणजे बघणारी मी एकटीच.

सात सेकंदं. हिरवी साडी, वर गेलेला उजवा हात, अक्षता. शेवटच्या सेकंदाला ती मान वळवते असं स्वाती म्हणायची. मी शंभर वेळा बघितलंय, मला कधी दिसलं नव्हतं. आज दिसलं. सावकाश वळवली. माझ्याकडं नाही. माझ्या डाव्या बाजूला बघितलं, स्वाती बसली होती तिकडं.

"झालं?" स्वातीनं डोळे न उघडता विचारलं.

"झालं," म्हटलं आणि तुकडा काढला. त्या जागी नुसती फुलं टाकली. मोबाइलवरचं तिनं स्वतः पुसलं. जे दिसलं ते तिला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, कळत नाही. सांगितलं असतं तर ती गेली नसती.

डिस्क तयार झाली, दिली. उठताना टेबलावरच्या दुसऱ्या डिस्ककडं तिचं लक्ष गेलं. मी पटकन वही ठेवली वर, पण उशीर झाला.

"आप्पांनी मागितल्या न्हवं?"

मान हलवली.

"त्यात हाय ती?"

"आहे."

मला वाटलं, बसेल आता परत खाली. पण तिनं पदर नीट केला, पिशवी उचलली. "असू दे त्यांच्याकडं. एकटं जेवत्यात ओ ते," म्हणाली आणि माझ्या पाया पडली. मी नको नको म्हणेपर्यंत बाहेर. मोटारसायकल गल्लीच्या तोंडापर्यंत दिसत होती. मग दिसेनाशी झाली.

उद्या ह्यांचं निपाणीला काम आहे. जाता जाता कोगनोळीला आप्पांची डिस्क देऊन येतील. आत्ता विचारत होते, "लावून बघितलीस काय, चालत्या का?" गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी प्रत्येक डिस्क शेवटपर्यंत लावून बघायची, हा ह्या घरातला माझाच नियम. त्यावरनं ह्यांना किती बोलले असेन.

चालते म्हटलं. लावून बघितली नाही.